न वाकणाऱ्या गुडघ्याची कुस्ती

पैलवान असाल आणि गुडघा सुजला असेल तर हे वाचत बसू नका. आधी दवाखान्यात जा, हाडाचा फोटो काढून घ्या, मग सावकाश वाचा. मला हे कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी ऐकलं असतं की नाही देव जाणे, कारण तेव्हा अंगात मस्ती होती. विक्रोळीच्या कारखान्यातली पाळी संपली की मी सरळ घाटकोपरच्या तालमीत. लग्न नुकतं झालेलं. माझ्या बायकोची, मंदाची आई मला पहिल्यांदा बघून म्हणाली होती, "जावई दारातनं आत मावंल का?" आता तोच जावई दारातनं तिरका होऊन आत येतो, डावा पाय आधी टाकून. तो पाय गुडघ्यात वाकत नाही आणि या जन्मी वाकायचा नाही.

हाडाचा क्षय म्हणतात त्याला. जंतू कुठून येतात, हाडात कसे शिरतात, ते डॉक्टरांना विचारा. मी सांगणार आहे ते डॉक्टर सांगत नाहीत. तुम्ही बरे होऊन घरी आलात की लोक तुमचं काय करतात, ते. हे सगळं बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीचं आहे, पण लोक काही फारसे बदललेले नाहीत.

मातीत पुरलेला पाय

आमच्या तालमीचे वस्ताद आप्पा. कराडकडचे. बुटका, रुंद माणूस, कान चुरगळलेले, तोंड फाटकं. निखळलेला खांदा ते असा बसवायचे की पोरगं ओरडायच्या आत काम संपलेलं असायचं. हे मी माझ्या डोळ्यांनी किती वेळा बघितलं होतं. त्यामुळे दिवाळीच्या सुमाराला गुडघा सुजला तेव्हा दुसरीकडे जायचा प्रश्नच नव्हता. तालमीतलं दुखणं तालमीतच काढायचं, ही आमची रीत. जो डॉक्टरकडे जाईल तो कच्चा.

कुस्ती खेळायचा हौद म्हणजे नुसती माती नसते. हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर, सगळं घालून ती मळलेली असते. आमचा ठाम समज, की मुका मार असो नाहीतर सूज असो, त्या मातीत पुरलं की उतरतं. आप्पांनी मला हौदाच्या कोपऱ्यात बसवून माझा पाय मांडीपर्यंत मातीत पुरला. तास-दीड तासाने बाहेर काढला आणि दोन्ही अंगठ्यांनी गुडघा चोळायला सुरुवात केली. मी बोंबललो.

"ओरडतोस काय बायकांसारखा? गाठ फुटतीय आत. फुटू दे."

दिवाळीपासून शिमग्यापर्यंत हे चाललं. रोज पुरायचा, रोज चोळायचा. संध्याकाळी अंग कणकण करायचं, तर आप्पा म्हणायचे, माती उष्ण पडतीय, ताक पी. वजन उतरायला लागलं, तर म्हणाले, खुराक वाढव. मंदाने तिच्या माहेरची पैंजणं मोडून मला बदाम आणले. एक दिवस कारखान्याच्या जिन्यावर गुडघा आपोआप दुमडला आणि मी खालपर्यंत घरंगळत गेलो.

फोटो

मोठ्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर तरुण होता, डोळ्यांखाली काळं झालेलं, बहुतेक झोप नसावी. त्याने फोटो उजेडात धरला, दोनदा फिरवून बघितला. मग विचारलं, "हा चोळला का कुणी?"

"वस्तादांनी."

"किती दिवस?"

मी सांगितलं. त्याने फोटो टेबलावर आपटला. "आणा त्या वस्तादाला इथे. मी चोळतो त्याचा गुडघा! अरे, सांधा आतून कुजत होता आणि तुम्ही त्याच्यावर मळणी घालत होतात? आधी आला असतास तर इंजेक्शनं आणि प्लास्टर, काम संपलं असतं. आता काय राहिलंय इथे?"

मंदा शेजारी उभी होती. तिने पदर तोंडात कोंबला. मी काय विचारावं? मी विचारलं, "डॉक्टर, बैठका कधीपासून मारता येतील?"

डॉक्टर खो खो हसला. खरंच हसला, मला आजही तो आवाज ऐकू येतो. म्हणाला, "पैलवान, संडासला कसं बसणार ते विचारा आधी."

दोन्ही हाडं एकत्र बसवून सांधा कायमचा बंद करणार होते. पाय राहील, गुडघा जाईल. पुढे कधी जोड मोडला आणि पुन्हा पू झाला, तर पाय मांडीतून काढावा लागेल, हेही त्याने तिथेच सांगून टाकलं. क्षयाचं नाव ऐकून बाकावरची एक बाई आपलं पोर उचलून लांब जाऊन बसली.

वॉर्ड

वॉर्डातल्या दिवसांचं वर्णन काय करायचं? पहाटे अंग पुसायचं, मग सुई, मग मूठभर गोळ्या, मग चहा म्हणून जे काही मिळेल ते. छातीच्या खालपासून पावलापर्यंत प्लास्टर. आत खाज सुटली की मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सुया टोचून टोचून ढुंगण दगड झालं होतं. सगळ्यात वाईट म्हणजे ते पॉट. ज्या माणसाने लंगोट लावून हजार लोकांत सलामी दिली, त्याच्या खाली वॉर्डबॉय पॉट सरकवतो आणि म्हणतो, "आटपा पैलवान, अजून दहा जण आहेत." पहिल्या दिवशी मी रडलो. मग रडायचं सोडलं, कारण वॉर्डबॉयला खरंच अजून दहा जण होते.

दंड डोळ्यांदेखत उतरत गेले. मी रोज वितीने दंड मोजायचो. पुढे मोजायचं सोडलं.

शेजारच्या खाटेवर भांडुपच्या खाडीकडचा एक म्हातारा कोळी होता. खुब्याचा क्षय. त्याची सून दुपारी डब्यात तळलेलं सुकं काहीतरी आणायची आणि तो अर्धं माझ्याकडे सरकवायचा. म्हणायचा, "खा रं पैलवान, माझे दात नाय, तुझा पाय नाय, दोघं मिलून एक मानूस होऊ." त्या वॉर्डात मी हसलो असेन तर त्याच्यामुळे.

एक दिवस सकाळी त्याला धाप लागली आणि नऊच्या आत सगळं आटपलं. दुपारी सून डबा घेऊन आली तेव्हा खाटेवर दुसराच माणूस होता. चादरसुद्धा बदललेली. तिला कुणी कळवलंच नव्हतं. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "बाबा कुठं नेलं? फोटोला?" शेवटी मलाच सांगावं लागलं. ती ओरडली नाही. डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि निघून गेली. तो डबा मी खाल्ला. मला भूक लागली होती.

घर

घरी आलो तेव्हा चाळीच्या पोरांनी पहिल्याच दिवशी माझं नाव ठेवलं, कंपास. भूमितीच्या पेटीतला असतो तो. एक पाय रोवायचा आणि दुसरा गोल फिरवायचा. पोरं माझ्यामागे तसंच चालायची. त्यांच्या आया गॅलरीत तोंड दाबून हसायच्या आणि मी वर बघितलं की म्हणायच्या, "बरं वाटतंय ना आता रघुभाऊ?"

हाडाचा क्षय एकाचा दुसऱ्याला लागत नाही, असं डॉक्टरने मंदाला दहादा सांगितलं होतं. तरी माझ्या आईने माझं ताट वेगळं काढलं, तांब्या वेगळा काढला. मंदाने ते ताट उचललं, आईसमोर बसली आणि माझ्या उष्ट्या ताटात जेवली. आई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

आता हीच मंदा. महिन्याभराने मी पाणी मागितलं, तिने ऐकलं नाही, मी तांब्या भिरकावला. ती तांब्या उचलून माझ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या बापाला पैलवान जावई दाखवला होता. घरी आला तो ओंडका. ओंडक्याला निदान तोंड तरी नसतं." आणि मग तिने पाणी आणून दिलं. दोन्ही खरं आहे. ती माझ्या ताटात जेवली तेही, आणि हेही. आजारी माणसाच्या बायकोला देवी करून टाकणारी माणसं मला आवडत नाहीत. त्यांनी कुणाचं पॉट कधी उचललेलं नसतं.

चाळीच्या संडासात मला बसता येईना. भिंतीला धरून, पाय दाराबाहेर काढून बसायचं म्हणजे दार उघडं. बायका समोर रांगेत. मी खाणंच कमी केलं. त्या वेळी आमच्या कारखान्यातला महादू भेटायला आला. प्रेसवर त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेलेली, नुसता अंगठा उरलेला. त्याने काही विचारलं नाही. पुढच्या रविवारी देवदाराच्या खोक्याची खुर्ची करून आणली, मधोमध गोल भोक कापलेलं, कडा घासून गुळगुळीत केलेल्या.

"च्यायला, हे काय?" मी म्हणालो.

"सिंहासन. बस यार, लाजतोस काय? मला नाडी बांधता येत नव्हती तेव्हा शेजाऱ्याने बांधली माझी. महिनाभर."

आजारपणात कुणी काही द्यायला निघालं तर फळं आणू नका. असलं काहीतरी आणा.

माती मळणारा

काठी टेकत टेकत तालमीत गेलो त्या दिवशी सगळे जोर मारायचे थांबले. आप्पांनी माझ्याकडे बघितलं, पायाकडे नाही. "ये," म्हणाले, आणि हातात फावडं दिलं. "माती खणत जा. तेल-ताक घालत जा. मातीत राहशील."

मला वाटलं, सुरुवात म्हणून असेल. पण तेच माझं काम होऊन बसलं. मी काठावर उभा राहून हौद खणायचो, ढेकळं फोडायचो, पाणी मारायचो आणि मग बाहेर बसायचो. ज्यांना मी लंगोट बांधायला शिकवलं ती पोरं म्हणायची, "रघुदादा, आज माती जरा मऊ कर." मी एकदा लंगोट लावून हौदात उतरलो, तर आप्पा धावत आले. "बाहेर हो. मोडलास तर पाप कुणाच्या माथी?" दुसऱ्यांना ते आयमाय काढून शिव्या द्यायचे. माझ्याशी मऊ बोलायचे. "राहू दे रघू, दमशील." घरी ओंडका आणि तालमीत कुंडीतलं तुळशीचं रोप. मला पुन्हा कुस्ती हवी होती. खरी, समोरच्याने पाडायला निघालेली. एवढंच हवं होतं आणि तेच कुणी द्यायला तयार नव्हतं.

मग दुपारचं सुरू झालं. दुपारी तालीम रिकामी असते. महादूची रात्रपाळी होती, तो सहज आला. मी खणताना घसरून हौदात आपटलो, तो काठावर हसत बसला. मी त्याचा घोटा धरून खाली ओढला. अर्धा तास आम्ही त्या मातीत कुत्र्यांसारखे लोळलो. उठलो तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं. उभं राहिलं की मी अर्धा माणूस. बसल्यावर पाय वाकतो की नाही हे कुणी विचारत नाही. दोघांनी पाय पसरून समोरासमोर बसायचं, एकमेकांच्या मानेवर हात टाकायचा आणि तिथून सुरुवात. उभा राहील तो हरला. पाठ लागली की चीत. बोटं नसल्यामुळे महादू मनगटाचा आकडा करून असा अडकवायचा की सुटता सुटायचं नाही.

पुढे भांडुपहून एक पोलिओचा माणूस यायला लागला, कांदिवलीहून एक अर्धवट दिसणारा शिंपी. तालमीतले पैलवान खिडकीतून बघायचे. "ए, लंगड्यांची पंगत बसली रे!" कुणीतरी वाटीतून खडे फेकून म्हणायचा, वाढा यांना.

महादू त्यांना असल्या शिव्या द्यायचा की मी इथे लिहू शकत नाही.

हात वर

त्या वर्षी घाटकोपरच्या मैदानात कुस्त्यांचा मोठा फड भरला. आमच्या पोरांना जायचं होतं. मीही लंगोट लावून गेलो. आप्पांना सांगितलं नाही.

फडातली रीत अशी. ज्याची जोड आधी ठरलेली नाही त्याने हात वर करून आखाड्याला फेरी मारायची. ज्याला त्याच्याशी लढायचंय त्याने पुढे येऊन त्या हाताला हात लावायचा. हात लागला की जोड झाली, पंच तुम्हाला आत घेतात. कुणीच हात लावला नाही तर आपला हात खाली घ्यायचा आणि मुकाट्याने बसायचं.

मी हात वर करून फेरी सुरू केली. एक पाय रोवायचा, दुसरा गोल फिरवायचा. हलगीवाल्याने माझ्या पावलावर ठेका धरला आणि लोक हसायला लागले. दुसऱ्या फेरीला लाउडस्पीकरवाला म्हणाला, "अरे लावा कुणीतरी हात! पैलवानाला पाय नाही, निदान हात तरी द्या!" मैदान फुटलं हसून. मी हात खाली घेतला नाही. खांदा भरून आला, दंड थरथरायला लागला, तरी नाही घेतला.

काठावर माझ्या जोडीचे पन्नास पैलवान बसले असतील. मी जवळ गेलो की एकेक जण मान खाली घालून लंगोटाची गाठ तपासायचा. मला त्यांचं कळत होतं, तेच तर वाईट. लंगड्याला पाडलं तर गावभर थू थू होणार, आणि लंगड्याने पाडलं तर तोंड दाखवायला जागा नाही. माझ्याशी लढण्यात कुणाचाच फायदा नव्हता. गुडघा गेला तेव्हाही मला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

आणि मग एकाने हात लावला. मुलुंडचा बाळू. विशीतला, तगडा, आमच्याच तालमीत येणारा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याच्या अंगावर माती टाकली, त्याने माझ्या अंगावर टाकली. हलगी कडाडली. मी त्याच्या मानेला हात घातला, ओढला, खांदा दिला आणि बाळू गेला. पाठीवर. मैदान उठून उभं राहिलं. टोप्या उडाल्या. मला कुणी खांद्यावर घेतलं, कुणी डोक्याला फेटा बांधला, कुणी हातात नारळ दिला. लाउडस्पीकरवाला, तोच मघाचा, गहिवरून बोलत होता.

पण मान हातात आली तेव्हाच मला कळलं होतं. पैलवानाची मान धरली की ती उलटी भांडते. बाळूची मान नुसती आली, दुधावरची साय येते तशी. तो माझ्या खांद्यावर आला नाही, त्याने स्वतःला तिथे ठेवलं. मी लोकांच्या खांद्यावर बसून खाली बघत होतो आणि बाळू माती झटकत आप्पांकडे बघत होता. आप्पा गर्दीत उभे होते. त्यांनी त्याला मान हलवून शाबासकी दिली.

नारळ

घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. मंदाने दारात ओवाळलं. आईने नजर काढली. कंपास म्हणणारी पोरं माझा फेटा डोक्यावर घेऊन नाचत होती. मंदाने नारळ फोडून त्यात साखर घातली आणि सगळ्या चाळीला वाटली. तिच्या तोंडावर असं हसू मी लग्नानंतर बघितलं नव्हतं.

सगळे गेल्यावर मी म्हणालो, "मंदे, कुस्ती खोटी होती. तो पडला नाही, झोपला."

तिच्या हातात रिकामी ताटली होती. "आणखी कुणाला माहितीये?"

"मला माहितीये."

"मग गप बसा ना!" ती अशी ओरडली की आई आतून बाहेर आली. "दोन वर्षं मी या चाळीत खाली मान घालून पाणी भरलं. आज त्या बाया माझ्याशी सरळ बोलल्या. तुम्हाला खरं-खोटं सुचतंय! एक दिवस तरी मान वर करून राहू द्या मला."

तिचं बरोबर होतं. माझंही बरोबर होतं.

बैठी

आज आमच्या तालमीत दर रविवारी बैठ्या कुस्त्या होतात. आणखी एक-दोन तालमींनी उचललंय. फडवाले मात्र अजून घेत नाहीत, घेतलं तर मधल्या वेळची गंमत म्हणून घेतो म्हणतात, आणि आम्ही जात नाही. ज्यांना कुबड्या आहेत, पायाला लोखंडी कॅलिपर आहे, हात थोटा आहे, त्यांनी डॉक्टरला विचारून यावं. फुकट आहे. कौतुक मिळणार नाही. याची सुरुवात कशी झाली तेवढं सांगतो.

फडाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळी तालीम भरलेली असताना मी फेटा घेऊन गेलो आणि आप्पांच्या पायाशी टाकला. माझ्याबरोबर महादू होता.

"हा घ्या. तुमच्या पोराने दान दिलेला."

जोर थांबले. आप्पांनी फेट्याकडे बघितलं. "मीच सांगितलं त्याला," ते म्हणाले. "हात वर करून फिरत होतास. बघवलं नाही रे."

"का? तुमचं काय जात होतं?"

"तुझा गुडघा मी खाल्ला, रघू." एवढा मोठा माणूस, सगळ्या पोरांसमोर बोलला. "या अंगठ्यांनी खाल्ला. डॉक्टर काय म्हणाला ते मंदाने मला तेव्हाच येऊन सांगितलं होतं. तोंडावर थुंकली होती ती माझ्या."

हे मला माहीत नव्हतं. माझा राग एक क्षण अडखळला, पण ओसरला नाही. ते वाट बघत होते. मी काय म्हणावं ते मला कळत होतं आणि मी ते म्हणालो नाही. आजपर्यंत म्हणालेलो नाही.

"गुडघा खाल्लात, वर माझी कुस्तीही खाल्लीत," मी म्हणालो. "आता खरी द्या. बसून. हाच बाळू, इथेच."

"बसून? कुस्ती काय पंगत आहे?"

"मला उभं राहायला तुम्ही ठेवलंय का?"

आप्पांनी तोंड फिरवलं आणि बाळूला खूण केली.

आम्ही हौदात पाय पसरून समोरासमोर बसलो. कपाळाला कपाळ. बाळू पुन्हा कालच्यासारखाच मऊ. मी त्याच्या तोंडावर कोपर घातलं, ओठ फुटला. "आईच्यान सांगतो बाळ्या, आज पडलास तर रोज मारीन." त्याने ओठ चाटला, रक्त बघितलं आणि भडकला. देवाची कृपा.

मग तो आला. कधी कुणी अंगावर आलं नव्हतं तसा आला. मान अशी दाबली की डोळ्यांपुढे अंधारी. मी त्याचा दंड काखेत धरून फिरवला, तो अर्धा गेला, परत आला. किती वेळ चाललं कोण जाणे. दम लागून तोंडात माती गेली. मग त्याने माझा तो पाय धरला. आजारानंतर डॉक्टर सोडून त्या पायाला कुणीच हात लावला नव्हता, कुस्तीत महादूही तो टाळायचा, मंदासुद्धा अंघोळीला पाणी वरून ओतायची. बाळूने तो वल्ह्यासारखा धरला आणि त्याच्या जोरावर मला उलटा करायला लागला. खुब्यापासून कळ गेली. आप्पा ओरडले, "ए, पाय सोड त्याचा!" आणि महादू त्यांच्यावर ओरडला, "तुम्ही गप बसा वो!" मला मांडीतून कापलेला पाय दिसला, खरंच दिसला. मी सोड म्हणालो नाही. पोटावर वळलो, जमीन धरली, पाय सुटला, आणि आता याला खाली घेतोच म्हणून मान वर केली. तिथेच चुकलो. त्याचा हात मानेखालून आला आणि माझे दोन्ही खांदे मातीला लागले.

चीत.

कुणी टाळी वाजवली नाही. बाळू माझ्या छातीवरून उतरला आणि घाबरून पायाकडे बघायला लागला. "रघुदादा, पाय... लागलं का रे?" पाय जागेवर होता. दुखत होता, पण होता. मी आढ्याकडे बघत पडून राहिलो. हरलो होतो आणि श्वास पुरत नव्हता.

तेवढ्यात आप्पा हौदात उतरले. मला वाटलं, उचलायला आले. त्यांनी माझ्या कानाखाली अशी सणसणीत वाजवली की कानात शिट्टी वाजली.

"गाढवा! पोटावर गेलास तर जमीन धरून बसायचं सोडून मान वर कशाला काढलीस? चंद्र बघायला? इतकी वर्षं तुला काय शिकवलं, शेण? दंड धरलास तर तो सोडतोस काय भिकारड्या? आणि बाळ्या, तू डोळे काय फाडतोस? पाय धरलास तर फिरवायचा, खाजवत काय बसलास? बसा दोघं. पुन्हा."

आजारी पडल्यापासून त्यांनी मला शिवी दिली नव्हती. मी उठून पाय पसरला आणि बाळूच्या मानेवर हात टाकला.